वायर लावली, पण चित्र वायफायवरून आलं

ठिबक सिंचनाचं प्रशिक्षण देत मी नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या गावांत फिरते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी तासाभरात मान टाकायची आणि सभागृहातली वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून टॅब घ्यायचं ठरवलं. स्लाइड दाखवायच्या, अडकलेल्या ड्रिपरचे फोटो मोठे करायचे, पेनने शेताचा आराखडा काढायचा, याला टॅब उत्तमच. मला विकला गेला तो मात्र लबाडीने.

दुकानदाराला मी आधी व्हॉट्सअॅपवर विचारलं होतं, "गावात वायफाय नसतं. वायरने प्रोजेक्टरला चालेल ना?" उत्तर आलं, "100% चालेल ताई, लॅपटॉप विसरा."

दुकानात त्याने करूनही दाखवलं. टाइप-सी ते एचडीएमआय वायर टॅबला लावली, दुसरं टोक भिंतीवरच्या टीव्हीच्या मागे घातलं, टॅबच्या स्क्रीनवर वरून खाली बोट ओढून कुठेतरी टिचकी मारली, आणि टीव्हीवर टॅबची स्क्रीन हजर. बोलण्याच्या ओघात ती टिचकी कोणाच्या लक्षात येते? सगळी मेख तिथेच होती. त्याने कास्टिंग चालू केलं होतं. टॅब आणि टीव्ही दोन्ही दुकानाच्या वायफायवर होते आणि चित्र हवेतून जात होतं. वायर नुसती लोंबत होती.

ग्रामपंचायतीच्या सभागृहात शेतकरी येऊन बसले आणि पडद्यावर "नो सिग्नल". इनपुट बदललं, वायर काढून घातली, टॅब बंद-चालू केला. तीच वायर तिथल्या ऑपरेटरच्या लॅपटॉपला लावली तर पहिल्या झटक्यात चित्र! म्हणजे प्रोजेक्टरही ठीक, वायरही ठीक. त्या दिवशी फळ्यावर खडूने भागवलं.

दुकानदाराची उत्तरं ऐकण्यासारखी होती. आधी प्रोजेक्टर जुना, मग सॉफ्टवेअर अपडेट मारा, मग "ही भारी वायर घ्या, 1,800 रुपये". कितीही भारी वायर घेतली तरी उपयोग शून्य होता, कारण त्या टॅबच्या पोर्टमधून चित्र बाहेर पडतच नाही. टाइप-सी हे फक्त भोकाच्या आकाराचं नाव. त्यातून चित्र जायला आत डिस्प्लेपोर्टची सोय लागते आणि स्वस्त अँड्रॉइड टॅबमध्ये ती बहुधा नसते. सॅमसंगच्या एस मालिकेतल्या महागड्या टॅबमध्ये असते, टॅब एस6 लाइटमध्ये मात्र नाही, म्हणजे नावातल्या "एस"वरही जाऊ नका. पोर्टचा वेग यूएसबी 2.0 चा की 3 चा, यावरूनही नक्की कळत नाही. दहाव्या पिढीच्या आयपॅडला वेग 2.0 चाच आहे, तरी त्यातून चित्र जातं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलपुढे "डिस्प्लेपोर्ट" किंवा व्हिडिओ आउटपुट लिहिलंय का, ते बघा. आणि दुकानात दाखवत असतील तर टॅब आपल्या हातात घ्या, एअरप्लेन मोड लावा, वायफायही बंद झालंय याची खात्री करा, मगच वायर लावायला सांगा. शक्य असेल तर वायर तुमचीच न्या.

बिलावर छापलेलं "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" त्याने बोट ठेवून दाखवलं. या ओळीला घाबरायचं कारण नाही. वस्तूत नसलेला उपयोग आहे असं सांगून विकणं ही ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सोबत बिल आणि व्हॉट्सअॅपचा स्क्रीनशॉट जोडला. हेल्पलाइन हुकूम देत नाही, मध्यस्थी करते. त्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. हे दुकानदाराला मी सांगितलं तेव्हा त्याचा सूर बदलला.

टॅबचे पैसे खात्यात आले. कीबोर्डवालं कव्हर "वापरलेलं आहे" म्हणून त्याने घेतलं नाही, त्यावरून अजून वाद चालू आहे. "100% चालेल" हा मेसेज त्याने नंतर दोन्ही बाजूंनी डिलीट करायचा प्रयत्न केला असावा, कारण त्या दिवसाचे त्याचे बाकीचे दोन मेसेज आता दिसत नाहीत. स्क्रीनशॉट आधीच काढलेला होता, म्हणून निभावलं.