कटिंगचा आहार: रोज सारखा, की कर्बोदके खालीवर करणारा?

शरीरसौष्ठव स्पर्धेआधी चरबी उतरवण्यासाठी, म्हणजे कटिंगसाठी, उष्मांक कमी करावेच लागतात. प्रश्न असतो तो ही कपात रोज सारखी ठेवावी, की पायांच्या व्यायामाच्या दिवशी भात-रताळे वाढवून विश्रांतीच्या दिवशी ते जवळजवळ बंद करावेत, हा. मी दोन्ही पद्धतींनी तयारी केली आहे. आठवड्याची एकूण कपात सारखी असेल, तर चरबी उतरण्याच्या वेगात मला तरी फरक जाणवला नाही. चरबी वगळून उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २.३ ते ३.१ ग्रॅम प्रथिने दोन्हीकडे लागतातच.

खालीवर करण्याच्या पद्धतीचे गुण मी नाकारणार नाही. भरपूर भात खाल्लेल्या दिवशी स्क्वॉटला जोर येतो, पंप (व्यायामात स्नायू रक्ताने फुगणे) चांगला मिळतो आणि मनालाही उसंत मिळते.

मला ती नकोशी झाली ती सकाळच्या वजनकाट्यामुळे. कर्बोदके स्नायूंत ग्लायकोजेन या रूपात साठतात; त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, त्यामुळे ३०० ग्रॅम साठा वाढला की चरबी कणभरही न वाढता वजन किलोभराने चढते आणि साठा रिकामा झाला की तितकेच उतरते. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट योग्य मानली जाते, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ३५० ते ७०० ग्रॅम. ही घट त्या चढउतारात पार बुडून जाते. त्यातच नागपूरचा एप्रिल-मे, जेव्हा अंबाझरी तलावावर पहाटे चालून आले तरी कपडे घामाने चिंब होतात. अशा वेळी पोळी कमी करायची की कार्डिओ वाढवायचा, याचा निर्णय कशाच्या आधारे घ्यावा? सोमवारची तुलना सोमवारशी करावी असे सांगतात, आणि ते चूक नाही. पण नोकरीमुळे विश्रांतीचा दिवस सरकला की तीही कोलमडते. वजनगटाच्या काठावर असलेल्याला ही अनिश्चितता फारच जाचते.

सारख्या आहारात घाम सोडला तर काटा खालीवर व्हायला फारसे दुसरे कारण उरत नाही, आणि तीन-चार दिवसांची सरासरी पुरते. ज्वारीची भाकरी, चिकन, अंड्यांचा पांढरा भाग, एवढे घरच्यांनाही मला न विचारता मोजून देता येते. पायांच्या दिवशी थकवा जाणवतो, हे खरे. त्यावर मी दिवसाची एकूण कर्बोदके तीच ठेवून बहुतेक व्यायामाच्या आगेमागे घेतो आणि वजने हलकी करत नाही.

ज्यांची चरबी आधीच कमी आहे आणि ज्यांच्यावर अनुभवी प्रशिक्षकाची रोजची नजर आहे, त्यांना दुसरी पद्धत कदाचित अधिक मानवेल. पहिल्यांदाच मंचावर उतरणाऱ्याने मात्र, माझ्या मते, सारख्या आहाराने सुरुवात करावी आणि अखेरच्या महिन्यात ताकद घसरू लागली तरच आठवड्यातून एक दिवस भात वाढवावा. पाणी तोडण्याच्या, म्हणजे स्पर्धेआधी पाणी पिणे कमी करण्याच्या, वाटेला, निदान आपल्या उन्हाळ्यात, कोणत्याही पद्धतीत जाऊ नये.