रेपरेशन्स: द्यायची तर कुणाला, कशाची आणि कुठल्या खिशातून?

रविवारी सकाळी मावसबहिणीचा फोन आला. गेल्या वर्षी तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. आता तिच्या शहराच्या कौन्सिलने कृष्णवर्णीय रहिवाशांना गुलामगिरी आणि त्यानंतरच्या भेदभावाबद्दल भरपाई द्यावी का, यावर लोकांची मतं मागवली आहेत. "दादा, दोन आठवड्यांत फॉर्म भरायचाय. हो म्हणू की नाही? आणि खरं सांगू का, आपण तर इथे परवा आलो. आपला काय संबंध?"

फोनवर तासभर बोलूनही मला तिला धड काही सांगता आलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो. अशा भरपाईला तिकडे रेपरेशन्स म्हणतात, आणि या एका शब्दाखाली इथे निदान चार वेगळ्या योजना खपतात. एकीला हो म्हणणारा माणूस दुसरीला खुशाल नाही म्हणू शकतो. पण त्या चौघींकडे वळण्याआधी एक जुनं बिल बघू.

दाताच्या वजावटीसकट

१८६५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. गुलामगिरीवरून पेटलेलं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं होतं, शेतावर माणसं नव्हती. टेनेसीतल्या एका कर्नलने आपल्या जुन्या गुलामाला, जॉर्डन अँडरसनला, परत कामावर ये म्हणून पत्र पाठवलं. अँडरसन तेव्हा ओहायोतल्या डेटन गावी पगारावर काम करत होता. त्याने उत्तर लिहवून घेतलं: येतो, पण आधीचं चुकतं करा. माझी ३२ वर्षं महिना २५ डॉलरने, बायको मँडीची २० वर्षं आठवड्याला २ डॉलरने, मिळून ११,६८० डॉलर. वर व्याज. त्यातून तुम्ही दिलेले कपडे, माझ्यासाठी तीनदा आलेल्या डॉक्टरची फी आणि मँडीचा एक दात काढला त्याचा खर्च वजा करा.

पैसे अर्थातच आले नाहीत. त्याच वर्षी जानेवारीत जनरल शर्मनने दक्षिण कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला होता, कुटुंबाला जास्तीत जास्त ४० एकर. सुमारे ४० हजार माणसं तिथे वसलीसुद्धा. वर्ष संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत देऊन टाकली. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा ते चाळीस एकर काढून घेतल्याला आठ वर्षं होत आली होती.

भरपाई मिळालीच नाही असं मात्र नाही. मिळाली, पण मालकांना. १८६२ मध्ये वॉशिंग्टन शहरातले गुलाम मुक्त केले तेव्हा केंद्र सरकारने मालकांना माणसामागे ३०० डॉलरपर्यंत मोजले. ब्रिटनने १८३३ च्या कायद्याने मालकांसाठी २ कोटी पौंड बाजूला काढले आणि त्या कर्जाचा शेवटचा तुकडा २०१५ मध्ये फेडला. हैतीची गोष्ट तर ऐकवत नाही. गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं आणि १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्यांच्याकडूनच १५ कोटी फ्रँक मागितले.

म्हणून "असल्या गोष्टीचे पैसे मोजता येत नाहीत" हा मुद्दा मी तरी बाद धरतो. तेव्हा माणसामागे दर ठरवून मोजले होते.

विरोधकांचं खरं बळ कशात आहे

त्यांचा मुख्य मुद्दा सोपा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. गुलाम ठेवणारा आज कुणी जिवंत नाही, गुलाम म्हणून राबलेलाही कुणी नाही. मग पेनसिल्व्हेनियातल्या बेकार खाणकामगाराने कुणाचे पैसे कुणाला द्यायचे? जपानी वंशाच्या अमेरिकनांना दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलं, त्याबद्दल १९८८ च्या कायद्याने प्रत्येकी २० हजार डॉलर दिले गेले, पण ते कायदा झाला तेव्हा हयात असलेल्यांना. हे उदाहरण समर्थक नेहमी पुढे करतात. नीट पाहिलं तर ते विरोधकांच्या बाजूनेही तेवढंच बोलतं.

समर्थकांचं उत्तर असं: माणसं गेली, पण देणेकरी गेलेला नाही. ते सरकार तेच आहे, त्याचे तह चालू आहेत, जुनी कर्जं चालू आहेत. शिवाय प्रकरण १८६५ ला संपलं नाही. म्हातारपणीच्या पेन्शनसाठीच्या १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांची मोठी संख्या नेमकी त्याच कामांत होती. तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर त्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळेनासं झालं. त्या वस्त्यांत वाढलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, हयात आहेत. घर नाही म्हणून वारशाला काही नाही. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता २,८५,००० डॉलर भरली, मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००.

माझ्या मते जुन्या गुलामगिरीपुरतं बोललं तर विरोधकांचा मुद्दा बराच टिकतो. १९३० नंतरचं बोललं की तो ढिला पडतो. त्यामुळे कुठल्याही योजनेत पहिल्यांदा बघायचं ते हे की ती कुठल्या काळातल्या, कुणी केलेल्या नुकसानीचे पैसे देते आहे.

इव्हान्स्टन: स्वतःच्या गावापुरतं

शिकागोच्या उत्तरेला मिशिगन तळ्याकाठचं हे गाव. तिथल्या कृष्णवर्णीयांना ठरवून पाचव्या वॉर्डात कोंबलं गेलं, कर्ज नाकारली गेली. २०१९ मध्ये कौन्सिलने गांजाविक्रीवरच्या कराचे पहिले १ कोटी डॉलर भरपाईसाठी राखले. मार्च २०२१ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी पहिली योजना झाली. १९१९ ते १९६९ या काळात गावात राहिलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तीला किंवा तिच्या थेट वंशजाला २५ हजार डॉलर, घराच्या डाउन पेमेंटसाठी, दुरुस्तीसाठी किंवा मॉर्गेज फेडायला. पैसे हातात नाहीत. थेट बँकेला किंवा कंत्राटदाराला. २०२२ च्या जानेवारीत सोडत काढून पहिले १६ जण निवडले.

यातली मेख ओळखा. ही भरपाई गुलामगिरीची नाही. इव्हान्स्टन शहराने स्वतःच्या रहिवाशांशी जे केलं, त्याची आहे. देणारा ठरलेला, काळ ठरलेला, पत्ता जुन्या डिरेक्टरीत सापडणारा. अर्जदाराला पणजोबा आफ्रिकेतून कधी आले ते सिद्ध करावं लागत नाही, आजी १९५० साली कुठल्या गल्लीत राहत होती एवढं दाखवावं लागतं.

विरोधातलं ते एक मत कुणाचं होतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. सिसिली फ्लेमिंग, स्वतः कृष्णवर्णीय नगरसेविका. त्यांचं म्हणणं, ही गृहनिर्माण योजना आहे, हिला रेपरेशन्स म्हणू नका. लोकांना स्वतःचे पैसे स्वतः वापरण्याचा हक्क द्या. मला ते तेव्हाही पटलं होतं. २०२३ मध्ये शहराने रोख रकमेचा पर्याय दिलाच. गांजाचा कर पुरेना, म्हणून महाग घरांच्या विक्रीवरच्या करातूनही पैसे वळवावे लागले. आणि २०२४ मध्ये वंश पाहून सरकारी पैसे देणं घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीत, म्हणजे सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या कलमात, बसत नाही, असा खटला केंद्रीय न्यायालयात दाखल झाला.

हा खटल्याचा धोका कागदावरचा नाही. २०२१ मध्ये केंद्र सरकारने कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली. गोरे शेतकरी कोर्टात गेले, स्थगिती आली, आणि पुढच्या वर्षी ती तरतूदच रद्द झाली. माफी गृहीत धरून बसलेल्यांचं काय झालं असेल, हे आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कॅलिफोर्निया: वंशावळीचा मार्ग

कॅलिफोर्निया राज्याने याच प्रश्नासाठी नेमलेल्या नऊ जणांच्या समितीने वेगळी वाट घेतली. मार्च २०२२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं की कातडीचा रंग बघायचा नाही, वंशावळ बघायची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीआधी अमेरिकेत असलेल्या गुलाम किंवा मुक्त कृष्णवर्णीयाचा वंशज असेल तोच पात्र. गेल्या वीस वर्षांत नायजेरियातल्या लागोसहून आलेला डॉक्टर यात बसत नाही.

कोर्टात हे कदाचित जास्त टिकेल. पण पुरावा कुठून आणायचा? १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात डाव्या बाजूला मालकाचं नाव आणि त्याखाली माणसांच्या ओळी: वय ३४, स्त्री, काळी, वय ६, पुरुष. नावं जवळजवळ नाहीतच. बहुतेकांची नावं पहिल्यांदा दिसतात ती १८७० च्या जनगणनेत. वंशावळ शोधणाऱ्यांना १८७० म्हणजे भिंत वाटते ती यामुळे. ज्यांनी नाव लिहिलं नाही त्यांच्याच कागदावर नाव दाखवा, असा हा पुरावा. १९०० च्या आधीचा एक पूर्वज दाखवला की झालं, अशी अट ठेवून समितीने ही भिंत थोडी बुटकी केली, ही त्यांची हुशारी.

जून २०२३ मध्ये हजारावर पानांचा अहवाल आला. अर्थतज्ज्ञांच्या अंदाजातून ८०० अब्ज डॉलरचा आकडा पेपरांत फिरला, म्हणजे राज्याच्या वार्षिक बजेटच्या दुपटीहून जास्त. त्यापुढे रोख रकमेची भाषा हळूहळू मावळली. २०२४ मध्ये राज्याने अधिकृत माफी मागितली. ही योजना मला तत्त्व म्हणून सर्वांत स्वच्छ वाटते, पण एकट्या राज्याचं हे काम नव्हे. एवढं देणं पेलणारी तिजोरी फक्त वॉशिंग्टनला आहे, आणि मूळ पापातला मोठा वाटाही.

जॉर्जटाउन, आणि सगळ्यांना सारखं

जॉर्जटाउन विद्यापीठाचं थोडक्यात. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी २७२ माणसं लुइझियानाला विकली; त्या पैशातून विद्यापीठ तगलं. धर्मगुरूंनी बाप्तिस्म्याच्या नोंदी जपल्या होत्या, म्हणून आज वंशज नावानिशी सापडतात. २०१९ मध्ये विद्यार्थ्यांनी सत्रामागे २७.२० डॉलर फी स्वतःवर लावून घेण्याच्या बाजूने मोठ्या बहुमताने मत दिलं. विद्यापीठाने ती फी न लावता देणग्यांतून वर्षाला ४ लाख डॉलर उभे करायचं ठरवलं. तुमच्या संस्थेकडे अशी वही असेल तर हा रस्ता उत्तम. नसेल तर विषय संपला.

चौथी योजना म्हणते, वंश सोडा, गरिबी बघा. डावे सिनेटर बर्नी सँडर्स २०१६ मध्ये हेच म्हणाले, अडॉल्फ रीड यांच्यासारखे डावे कृष्णवर्णीय विचारवंतही हेच मांडत आले आहेत. मतांच्या राजकारणात ही सोपी: प्यू या संशोधन संस्थेच्या २०२१ च्या पाहणीत रेपरेशन्सला ३० टक्केच लोकांचा पाठिंबा होता, कृष्णवर्णीयांमध्ये ७७, गोऱ्यांमध्ये १८. पण सोशल सिक्युरिटीही "सगळ्यांसाठी"च होती. कोण वगळले गेले ते वर लिहिलंच आहे. गरिबांसाठीच्या योजना हव्यातच. त्याने अँडरसनचं बिल फिटलं असं म्हणू नये, एवढंच.

"आपण परवा आलो"

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हिंदी माणूस गोरा नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असं ठरवलं. आपल्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, आणि तो कायदा ज्या वाऱ्यावर आला तो वारा नागरी हक्कांच्या चळवळीचा होता. तेव्हा संबंध नाही असं नाही.

मी तिला सोसायटीचं उदाहरण दिलं. ठाण्यात फ्लॅट घेतलास तर आधीच्या कमिटीने लिफ्टसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता तुझ्या मेंटेनन्समध्ये येतोच. लिफ्ट तू वापरतेसच की.

ती लगेच म्हणाली, "हो, पण एनओसीवर थकबाकी लिहिलेली असते ना? इथे मला कुणी दाखवली?"

मला उत्तर सुचलं नाही, आणि माझं मत बरंचसं तिथेच ठरलं. १९८९ पासून काँग्रेसमध्ये एच.आर. ४० नावाचं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं जातंय. त्यात कुणाला एक डॉलरही द्यायची तरतूद नाही. फक्त एक आयोग नेमा, अभ्यास करा, शिफारसी द्या. २०२१ मध्ये ते पहिल्यांदा समितीतून बाहेर आलं, पुढे सरकलं नाही. पैसे देण्याला विरोध मी समजू शकतो. थकबाकी लिहून काढायलाही विरोध, हे मला समजत नाही.

तिला शेवटी मेसेज केला तो असा: प्रश्न तुझ्या शहराने स्वतः केलेल्या गोष्टींचा असेल, वर्षं आणि वॉर्ड नेमके दिले असतील, तर हो लिही. पैसे बँकेला जाणार की माणसाच्या हातात, ते विचार. हातात द्या असं लिही. पात्रता नुसत्या वंशावर असेल तर वकिलाचं मत घेतलंय का, ते विचार. मसुद्यात "याने गुलामगिरीचा हिशेब पूर्ण झाला" अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते खोडायला सांग.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. फॉर्ममध्ये वर्षं दिलेली नाहीत, वॉर्डही नाही. तिने हो-नाहीची चौकट कोरी ठेवली आणि खाली शेऱ्यात लिहिलं: कृपया आधी थकबाकीचा तपशील पाठवा.