चपलांच्या कारखान्यात कोणतं सोल्यूशन: हेक्झेनचं, हेप्टेनचं की पाण्यातलं?

सोल चिकटवायचं सोल्यूशन घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो: भाव काय, आणि सुकतं किती वेळात. हेक्झेन आणि हेप्टेन ही सोल्यूशन पातळ ठेवणारी, लावल्यावर उडून जाणारी द्रावकं. भाव आणि वेळ या दोन्हींत हेक्झेन सहसा जिंकतं. ते ६९ अंशांना उकळतं, हेप्टेन ९८ अंशांना; त्यामुळे हेक्झेन भराभर उडतं आणि पुढचा जोड लवकर हातात येतो. पाण्यातलं सोल्यूशन सगळ्यात मागे. पावसाळ्यात गरम हवेची सोय नसेल तर कारागीर वैतागणारच.

पण तिसरा प्रश्न नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा आहे, आणि तिथे पारडं फिरतं. श्वासातून गेलेल्या हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होतं. त्याची दोन टोकं नेमक्या अशा अंतरावर असतात की चेतापेशीतल्या प्रथिनांना ते चिकटतं, तिथे पायरोल नावाचं कडं तयार होतं आणि शेजारशेजारचे प्रथिनांचे धागे एकमेकांत गुंततात. लांब नसांमधून सरकत जाणारे हे धागे मग जागोजागी तुंबतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून मुंग्या आधी पावलांना येतात. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सँडल चिकटवणाऱ्या कामगारांत असे ९३ रुग्ण सापडले होते. काम थांबवल्यावरही काही आठवडे त्रास वाढत राहतो, हे या दुखण्याचं वाईट लक्षण.

हेप्टेनमध्ये कार्बन फक्त एक जास्त. पण त्यापासून असं दोनटोकी संयुग अगदी नगण्य बनतं. गुंगी आणि डोकेदुखी त्यानेही येते, आग दोघांनाही लागते. नसांच्या बाबतीत मात्र फरक मोठा आहे.

‘टोल्युइनमुक्त’ छापलेल्या डब्याला भुलू नका; टोल्युइन हे दुसरं द्रावक, ते नसलं तरी हेक्झेन असू शकतं. एकेकाळी बेंझिन हे द्रावक काढून त्याजागी हेक्झेनच घातलं गेलं होतं. सेफ्टी डेटा शीट, म्हणजे डब्यात कोणती रसायनं आहेत ते सांगणारा कागद मागा. त्यावर रसायनांचे ओळख क्रमांक (CAS) असतात: ११०-५४-३ हा क्रमांक हेक्झेनचा, १४२-८२-५ हेप्टेनचा. सोबत मिथाइल इथाइल कीटोन हे आणखी एक द्रावक असेल तर हेक्झेनचा नसांवरचा मार आणखी वाढतो. तो डबा मी तरी घेणार नाही.

पंखा कुठे बसवता तेही बघा. हेक्झेनची वाफ हवेच्या तिप्पट जड, ती खाली साचते, आणि आपले कारागीर बसतात जमिनीवर! छताजवळचा एक्झॉस्ट त्यांच्या नाकापाशी फारसा उपयोगाचा नाही. हवा ओढून घेणारा पंखा मांडीच्या उंचीवर हवा. तोंडाला बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही.

(अस्सल कोल्हापुरी चामड्याच्या वादीने शिवतात, त्यांना हा प्रश्नच नाही.)

सुकवायला गरम हवा देता येत असेल तर पाण्यातलं घ्या. नसेल तर हेप्टेनचं, तेही आधी एक डबा आणून तुमच्याच सोलवर चिकटवून, दुसऱ्या दिवशी ओढून बघा.