रंगीत रॉम हॅक म्हणून ३६ बाइट गळ्यात मारले

७५ डॉलर गेले. ६० डॉलर निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातातल्या खेळयंत्राच्या जुन्या कृष्णधवल खेळाची फाइल, म्हणजे रॉम, बदलून त्याला ‘पूर्ण रंग’ चढवण्याचे आणि १५ डॉलर काम लवकर हवं म्हणून. हाती आला ३६ बाइटचा आयपीएस पॅच, म्हणजे मूळ फाइलमध्ये करायच्या बदलांची छोटी फाइल.

आगाऊ पैसे घ्यायचे आणि मग गप्प बसायचं, ही तऱ्हा कुणाला नवी नाही. पण या विक्रेत्याचा व्हिडिओ खरा होता, म्हणून तर विश्वास बसला. खऱ्या गेम बॉय कलरवर खेळ चालू होता, रंगही दिसत होते. फक्त ते रंग त्याचे नव्हते. १९९८ चं ते यंत्र जुन्या खेळांना सुरू होतानाच स्वतः रंग देतं. रॉमच्या हेडरमध्ये, म्हणजे खेळाची ओळख नोंदलेल्या भागात, प्रकाशक म्हणून निन्टेन्डोचा कोड असेल, तर खेळाच्या नावाच्या बाइटची बेरीज करून आतल्या तक्त्यातलं पॅलेट (रंगांचा संच) लावतं. या माणसाने नाव बदललं, हेडरमधल्या १४बी या पत्त्यावर ०१ हा निन्टेन्डोचा कोड टाकला आणि १४डी वरचा चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळवला. एवढ्याचे ६० डॉलर!

चीड येते ती त्या व्हिडिओची. नायक लालभडक, म्हणून नजर त्याच्यावरच खिळली. पण विटा, ढग आणि वरचे गुणांचे आकडे, सगळं त्याच तपकिरी छटांत होतं! पार्श्वभूमीला चार रंग, स्प्राइटना (नायकासारख्या हलत्या आकृत्यांना) तीन-तीनचे दोन संच. आपोआप मिळणारे रंग दहाच्या पुढे जात नाहीत. खऱ्या रंगकामात पार्श्वभूमीच्या ८ × ८ ठिपक्यांच्या प्रत्येक तुकड्याला, म्हणजे टाइलला, आठांपैकी हवं ते पॅलेट देता येतं. तिथे ढग आणि विटा एका रंगात कशाला राहतील?

पॅचचा आकार तरी आधी विचारायला हवा होता. पार्श्वभूमीची आठ आणि स्प्राइटची आठ पॅलेटं, प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे नुसते रंगच १२८ बाइट. वर व्हीरॅमच्या (चित्रांसाठीच्या मेमरीच्या) दुसऱ्या बँकेत, म्हणजे भागात, टाइलनिहाय नोंदी करणारा कोड लागतो. पडद्यावर ओळ रेखाटली जात असताना या मेमरीत काही लिहिलं, तर यंत्र ते गिळून टाकतं आणि रंग विस्कटतात, म्हणून वेळ साधावी लागते. या कोडला जागा मिळावी म्हणून कित्येकदा रॉम वाढवावा लागतो.

हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, १४३ हा पत्ता बघा. तिथे ८० किंवा सी० नसेल, तर रंगकाम झालेलंच नाही. माझ्या फाइलमध्ये तिथे ०० होतं.

विक्री संकेतस्थळाकडे तीनदा तक्रार केली. पहिलं उत्तर: डिजिटल वस्तू परत घेत नाही. दुसरं: रंग दिसतात ना, मग अडचण काय? दोन्ही फाइलींतला फरक बाइट-बाइट मांडून पाठवला, तर ‘खराब झालेल्या वस्तूचा फोटो’ मागितला. फाइलचा फोटो कसा काढायचा? पैसे पोचवणाऱ्या कंपनीच्या अर्जात ‘वस्तू मिळाली नाही’ एवढा एकच पर्याय. वस्तू मिळाली होती, म्हणून अर्ज बंद. हेडर म्हणजे काय, हे समजून घ्यायला कुणी तयारच नाही.

मूळ रॉमचा सीआरसी, म्हणजे नेमकी फाइल ओळखायचा आकडा, न सांगणाऱ्याला एक पैसा देऊ नका. बीपीएस या प्रकारचा पॅच मागा, त्यात तो नोंदलेला असतो. उरलेली रक्कम पॅच चालवून पाहिल्यावरच द्या.

त्याची जाहिरात अजून तशीच आहे. लाल नायकामागे तपकिरी ढग दिसले, की तोच.