डिझेल इंजिन काढून नावेला बॅटरीची मोटर, सात महिने चालवल्यावरचा रिव्ह्यू

आमची नाव वीस फुटी, लोखंडी पत्र्याची. घर बेळगाव जिल्ह्यातल्या उगारच्या अंगाला आणि निम्मं शेत कृष्णेच्या पलीकडं कुडचीच्या बाजूला, त्यामुळं माणसं, वैरण, खताची पोती सगळं नावेतनंच. आठ हॉर्सपॉवरचं सिंगल सिलेंडर डिझेल इंजिन होतं, चौदा वर्षं इमानानं चाललं, पण अलीकडं हँडल मारून मारून वडिलांचा खांदा गेला आणि घाटाला पाण्यावर डिझेलचा रंगीत तवंग दिसायचा. त्याच पाण्यात आई घागर बुडवते. ते बघवेना म्हणून ऑक्टोबरात मोटर बसवून घेतली, बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपकडनं.

आधी कामाचं बोलतो. ४८ व्होल्टची ५ किलोवॅटची बीएलडीसी (ब्रश नसलेली डीसी) मोटर, लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे दोन पॅक, प्रत्येकात ३.२ व्होल्टचे सोळा सेल, १०० अँपिअर अवरचे, म्हणजे दोन्ही मिळून साधारण १० युनिट वीज मावते. सगळा खर्च पावणेतीन लाखाला लागला, त्यात निम्म्याहून जास्त बॅटरीच.

आता लेथकाम, ह्याला माझे पैकीच्या पैकी मार्क. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते बेळगावातच, आणि त्या गावच्या मिस्त्री लोकांचा हात अजून तसाच आहे बघा. मी म्हटलं जुन्या शाफ्टला सरळ मोटर जोडा की, तर मिस्त्री म्हणाले, "मामा, पंखा पाणी मागं ढकलतो तसा शाफ्ट पुढं रेटतो, तो रेटा आजवर तुमचा गिअरबॉक्स सोसत होता, आता तो काढला की सगळा मोटरच्या बेअरिंगवर येणार." म्हणून मध्ये तो रेटा सोसणारं वेगळं थ्रस्ट बेअरिंग टाकलं, मोटर तीन हजार आरपीएमची म्हणून दातेरी बेल्टनं तीनास एक रिडक्शन केलं आणि ११ इंची पंखा काढून १४ इंची घातला. इलेक्ट्रिक मोटर कमी फेऱ्यातपण जोर देते त्यामुळं मोठा पंखा हळू फिरवलेला परवडतो. शाफ्ट नावेबाहेर जातो तिथं पाणी अडवणाऱ्या ग्लँडची दोरीपण नवीन भरली, ठिबकणं बंद.

वायरिंगला मात्र मार्क कापणार. पहिल्याच आठवड्यात जळकट वास आला, झाकण उघडून बघतोय तर बॅटरीच्या केबलचा एक लग, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, हातोडीनं चेपलेला, तिथली रबरी टोपी वितळून काळी झालेली. ४८ व्होल्टवर पूर्ण जोरात शंभरएक अँपिअर जातात, तिथं ढिला जॉईंट म्हणजे आगच, आणि नावेत आग लागली तर पळणार कुठं? फोन केल्यावर दुसऱ्या दिवशी आले, हायड्रॉलिक क्रिम्परनं, म्हणजे लग वायरवर दाबून बसवायच्या यंत्रानं, सगळे लग नवीन मारले, पैसे घेतले नाहीत. पण हे आधीच व्हायला पाहिजे होतं. मेन फ्यूज आणि लाल कटऑफ स्विच मात्र पहिल्यापासनं दिलेला होता.

चालवायला कशी? ताशी ६ किलोमीटरनं गेलं की मीटरवर २५ अँपिअर आणि ९ नं गेलं की ८५. वेग दीडपट आणि ओढ तिप्पट-चौपट, पाण्याचा हिशोबच तसा आहे. त्यामुळं सावकाश गेलं तर सहा तास निघतात, घाई केली तर दोन तासपण नाहीत. ऑक्टोबरात धारेला जोर होता तेव्हा वर चढताना बॅटरी डोळ्यासमोर उतरायची. ज्यांना लांब जायचंय किंवा भरधाव जायचंय त्यांनी ह्या भानगडीत पडू नये, डिझेलच बरं. आमच्या रोज चार-पाच फेऱ्या आणि त्या पण जवळच्या, त्यामुळं एक दिवसाआड चार्जिंग, सात-आठ युनिट, म्हणजे पन्नासएक रुपये, तेवढ्याच कामाला आधी पाच लिटर डिझेल जायचं. घर काठालाच आहे म्हणून वेगळा एमसीबी, अर्थिंग करून लाईन ओढली. वल्ही अजून नावेत ठेवतोच.

एक फायदा कुणी सांगितला नव्हता. जलपर्णी पंख्याला गुंडाळली की इंजिन नुसतं धूर ओकायचं आणि कळेपर्यंत उशीर व्हायचा, आता २५ वरचा आकडा एकदम ४० ला जातो, लगेच मोटर बंद करायची, दोन सेकंद उलटी फिरवायची, हिरवा चोथा मागं सुटून तरंगताना दिसतो.

आणि आवाज. पहाटे धुक्यातनं चालवायलोय तर पलीकडच्या काठावर म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकू येते, आईनं घाटावरनं हाक मारली तर मधल्या पाण्यात कळते. वडील पहिल्या दिवशी नुसते पाण्यात हात घालून बसले होते, काही बोलले नाहीत.

केरळात वैकमला ७५ माणसांची सोलर फेरी २०१७ पासनं चाललीय, तेव्हा हे काही हवेतलं नाही. कुणाला करायचं असेल तर वर्कशॉपला जाताना नावेची लांबी, शाफ्टचा डायमीटर आणि पंख्याचं माप लिहून न्या, मी नेलं नव्हतं म्हणून बेळगावचा एक हेलपाटा जास्त झाला. आणि क्रिम्पिंग तुमच्यासमोर करून घ्या.