आवाज विचारून वाद्य देणारे दुकान

पुण्याच्या जुन्या पेठांपैकी एका पेठेत, भांड्यांच्या दुकानांच्या मागे जो अरुंद बोळ आहे, त्यात चर्मवाद्ये बनविण्याचे आणि दुरुस्त करण्याचे एक छोटे दुकान आहे. दुकानाला पाटी नाही. दाराशी टांगलेली ढोलाची रिकामी कडी आणि आतून येणारा खळीचा वास हीच त्याची खूण. गेल्या तीन वर्षांत मी येथून एक तुणतुणे आणि दोन दिमड्या (हातात धरून वाजवायची, एका बाजूने मढविलेली छोटी चर्मवाद्ये) घेतल्या आणि दुरुस्तीसाठी तर किती वेळा गेले याची मोजदाद नाही. मी व्यावसायिक कलावंत नाही. बँकेतील नोकरी सांभाळून आठवड्यातील दोन संध्याकाळी खंडोबाच्या जागरणाची आणि देवीच्या गोंधळाची पदे शिकणारी मी एक हौशी गायिका आहे, आणि या दुकानाने मला वाद्यांबरोबर जे दिले, ते कोणत्याही शिकवणीत मिळाले नव्हते.

माझे पहिले तुणतुणे मी घरबसल्या एका संकेतस्थळावरून मागविले होते. ते दिसायला देखणे होते, लाकडावर चकचकीत पॉलिश होते. पण खुंटी तार धरून ठेवत नव्हती. पहिले कडवे संपेपर्यंत स्वर उतरलेला असे. तुणतुण्याची रचना तशी साधी असते: लाकडाचे पोकळ नळकांडे, वरून उघडे आणि तळाला कातड्याने मढविलेले, बाजूला ठोकलेली काठी, तिच्या टोकाला खुंटी आणि कातड्याच्या मध्यातून निघून खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. एवढ्या साध्या वाद्यात लपायला जागा नसते. कातडे जाड असले की तार कितीही चांगली असो, ती नुसती टकटकते, गात नाही. माझ्या त्या तुणतुण्याचे नेमके हेच झाले होते, आणि विक्रेत्याने ते परत घेण्यास नकार दिल्यावर ते घेऊन मी या बोळात आले.

दुकानातील काकांनी ते हातात घेतले, तळाच्या कातड्यावर दोनदा टिचकी मारली आणि वाद्याबद्दल काही न बोलता मला विचारले, "ताई, आवाज किती तुमचा?" मी काळी चार असे सांगितले, कारण शिकवणीत पेटीवर मी त्याच पट्टीत गात होते. त्यांनी मला तिथेच, रस्त्यावरच्या हातगाड्यांच्या गलक्यात, पेटीशिवाय एक पद म्हणायला लावले. मला फार संकोच वाटला, पण मी म्हटले. "उघड्यावर तुमचा आवाज वर जातो. पांढरी सहा धरू," असे म्हणून त्यांनी जुने कातडे काढले, पातळ कातडे चढवायला घेतले आणि लाकडाची खुंटी नव्याने तासून बसविली. आठवड्याने तुणतुणे हाती आले तेव्हा प्रथमच तार आणि माझा गळा यांची गाठ पडल्यासारखे वाटले. पुढे मी नवे तुणतुणेही त्यांच्याकडूनच करून घेतले. तेव्हाही पहिला प्रश्न तोच होता, आणि गाऊन दाखविल्याशिवाय त्यांनी तार चढविली नाही.

दिमडी तयार होताना मी एका दुपारी तिथे बसून पाहिली आहे. भिजविलेले कातडे काका आधी दाराच्या उजेडासमोर धरतात. त्यातील शिरांचे जाळे एका बाजूला दाट दिसले, तर तो भाग कडेला जाईल अशा बेताने ते फिरवून घेतात. मधोमध शीर आली की आवाज फाटतो, असे त्यांचे म्हणणे. मग लाकडी कड्याला चिंचोक्याची खळ लावून कातडे ओढून बसवायचे, वरून सुतळीचे वेढे द्यायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. उन्हात ठेवले तर ते लवकर वाळते खरे, पण एकीकडून आधी आखडते, आणि मग त्या दिमडीला कितीही शेकले तरी ती सरळ बोलत नाही. हे सगळे सांगत असताना त्यांचे अंगठे कातड्याच्या कडेने सतत फिरत होते, पोळीची कड चाचपावी तसे.

दिमडीसाठी पूर्वी घोरपडीचे कातडे वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण आहे, आणि या दुकानात त्या कातड्याला हातही लावला जात नाही. एक वयस्क कलावंत आजोबांच्या वेळची दिमडी दुरुस्तीला घेऊन आले होते, तेव्हा काकांनी त्यांना नम्रपणे नकार दिला आणि करडाच्या पातळ कातड्याची नवी दिमडी ऐकविली. पावसाळ्यासाठी ते फायबरची दिमडीही ठेवतात. माझी दुसरी दिमडी तीच आहे. दमट हवेत ती उतरत नाही, मध्यरात्रीही शेकावी लागत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु कातड्याच्या दिमडीला बोटाने दाब देताच जो खालचा घुमारा निघतो, तो तिच्यात नाही. ज्यांना एकच घेणे परवडेल, त्यांनी कातड्याची घ्यावी आणि आषाढ-श्रावणात ती जपावी, असे मी सांगेन.

या दुकानात मला जी माणसे भेटली, त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हा अभिप्राय पूर्ण होणार नाही. खंडोबाच्या उत्सवाच्या, म्हणजे चंपाषष्ठीच्या, आधीच्या आठवड्यात जेजुरीच्या बाजूचे एक वृद्ध वाघ्या, म्हणजे जागरणात गाणारे खंडोबाचे भक्त, आपली दिमडी न्यायला आले होते. वाद्य पाहण्यासाठी त्यांनी मल्हारीचे एक पद सुरू केले. तेच पद मी ध्वनिमुद्रणावरून पाठ केले होते, म्हणून धीर करून मी साथीला गुणगुणू लागले, आणि दुसऱ्याच ओळीला चुकले. ते थांबले. "कुठं शिकलात, ताई?" मी खरे ते सांगितले. तेव्हा त्यांनी समजावले की ध्वनिमुद्रणात ओळ जिथे संपते, तिथे जागरणात ती संपेलच असे नाही. वाघ्याबरोबर नाचणारी मुरळी फेर घेत असेल, तर तिचा फेर पुरा होऊन हातातली घाटी, म्हणजे घंटा, थांबेपर्यंत वाघ्याने ओळ धरून ठेवायची असते. ती जागेवर आली की मगच पुढचा शब्द. मी आठ मात्रा मोजत होते आणि ते समोर नसलेल्या मुरळीकडे पाहून गात होते. त्यांनी तीच ओळ माझ्याकडून सात-आठ वेळा म्हणवून घेतली, डाव्या हाताच्या बोटांनी दिमडीच्या कातड्यावर आतून दाब देऊन स्वर कसा खाली खेचायचा ते माझे बोट धरून दाखविले, आणि जाताना माझ्या कपाळी भंडारा लावला. त्यांच्याकडे मी नंतर दोनदा जागरण ऐकायला गेले. पहाटे लंगर, म्हणजे लोखंडी साखळी, तोडून जागरण संपेपर्यंत मी जागी होते, आणि ओळ किती काळ धरायची असते हे मला तिथे डोळ्यांनी दिसले.

दुसरी भेट एका मध्यमवयीन गायिकेची. मुलींना मुरळी म्हणून देवाला वाहण्याची प्रथा कायद्याने बंद झाली आहे. या बाई नवऱ्याच्या आणि दिराच्या पार्टीत जागरणाला उभ्या राहतात आणि त्यांना ही आपली कला म्हणूनच मान हवा आहे. शहरातील कार्यक्रमात आपली पदे गाणाऱ्या मुलींनी कधी येऊन विचारले नाही, ही त्यांची खंत त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखविली. मी तेथेच त्यांना विचारले. त्यांनी मला दोन पदे शिकविली, आणि मी जिथे ती गाते तिथे त्यांचे नाव आवर्जून घेते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. गणेशोत्सवाच्या आधी दोन महिने येथे ढोल-ताशा पथकांचे काम इतके असते की आपल्या एका दिमडीकडे कोणाचे लक्ष जात नाही. माझी दिमडी एकदा पाच आठवडे कोनाड्यात पडून राहिली आणि तिला बुरशी आली. काकांनी ती नव्याने मढवून दिली आणि पैसे घेतले नाहीत, तरी ज्या कार्यक्रमासाठी ती हवी होती तो उसन्या वाद्यावर करावा लागला. पावती मिळत नाही, दिलेली तारीख दोन-चार दिवस पुढे जातेच, आणि फोन उचलला जाईल याची खात्री नाही. किंमत मात्र रास्त आहे: नव्या तुणतुण्याला मी जे दिले, ते संकेतस्थळावरील त्या देखण्या वस्तूपेक्षा थोडे कमीच होते.

घाईत वाद्य हवे असलेल्यांनी येथे येऊ नये. ज्यांना गायचे आहे त्यांनी दसऱ्यानंतर यावे, सकाळी अकराच्या सुमारास, जेव्हा काका निवांत असतात आणि बाहेरगावचे कलावंतही येऊन बसलेले असतात. माझे तुणतुणे सध्या तिथेच आहे. खुंटीचे भोक सैल झाले होते. चंपाषष्ठीच्या आधी ते देण्याचे काकांनी कबूल केले आहे, आणि ते आणायला जाताना या वेळी मी माझ्या भाचीलाही बरोबर नेणार आहे, कारण तिचा आवाज किती आहे हे अजून तिला कोणी विचारलेले नाही.