बॅफलचं चेंबर की ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर?

स्लिक (बिनखाचांच्या रेसिंग) टायरवर वळणात 1 जीच्या (गुरुत्वाकर्षणाइतक्या) वर जोर आला, की ऑइल चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, भिंतीवर चढतं, स्ट्रेनर (पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी) उघडा पडतो, पंप हवा ओढतो. पहिला बळी सहसा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा.

यावर उपाय दोन: चेंबरमध्ये बॅफल, म्हणजे ऑइल अडवणारे पत्रे, किंवा दाबाखाली ऑइल साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर. खर्चात बॅफल स्वस्त. स्ट्रेनरभोवती पत्र्याची पेटी, तिला फक्त आत उघडणाऱ्या झडपा. ऑइल आत येतं, बाहेर पळत नाही. अ‍ॅक्युम्युलेटरला सिलिंडर, व्हॉल्व्ह, जाड होज, सँडविच प्लेट (ऑइल फिल्टरखाली बसणारी जोडणी), शिवाय एकाच दिशेने ऑइल सोडणारा चेक व्हॉल्व्ह; तो नसेल तर साठा पंपाकडे उलटा जातो.

मेहनत उलटी. चेंबर काढायला बऱ्याच गाड्यांत क्रॉसमेंबर (इंजिनखालचा आडवा बार) उतरवावा लागतो. स्ट्रेनर आणि तळ यांत साधारण 6 ते 10 मिमी अंतर हवं, तेही मॉडेलिंगच्या मातीचा गोळा मध्ये दाबून तपासा. सिलिकॉन जास्त फासू नका, तुकडे सुटून स्ट्रेनरच तुंबतो. अ‍ॅक्युम्युलेटर बाहेरून जोडता येतो, पण प्रत्येक जोड गळतीची जागा.

खरा फरक लांब वळणात. ऑइल हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) अडकलं, तर बॅफलच्या पेटीत यायला काही उरत नाही. अ‍ॅक्युम्युलेटर दाब पडताच 2-3 लिटरचा साठा सोडतो. पण तो काही सेकंदच पुरतो, आणि पुन्हा भरताना इंजिनचंच ऑइल घेतो. स्टार्टच्या आधी बेअरिंगला दाब देतो, हा बोनस.

रस्त्यावरच्या टायरवर अधूनमधून ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस): बॅफल पुरे. सेमी-स्लिक (कमी खाचांचे टायर) आणि लांब वळणं: दोन्ही, आधी बॅफल. पूर्ण स्लिकवर नियमित रेस करणाऱ्यांनी ड्राय संपसाठीच (ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवणारी यंत्रणा) पैसे साठवावेत.